पाहुण्यांचं काम: रोटोरुआच्या एका मराएवरचे दोन दिवस

भाषण संपलं तरी आमचे पीटीचे सर जागचे हलेनात. बसायचं की उभंच राहायचं, त्यांना कळेना. समोरच्या बाकावरचे तिघे म्हातारे आमच्याकडे बघत होते. रागाने नाही, वाट बघत. आता आमच्या बाजूने गाणं यायला हवं होतं आणि बावीस मुलांपैकी एकालाही ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. सहलीआधी आलेल्या कागदांत ती ओळ होती, मी ती वाचली होती आणि तिच्यापुढे पेन्सिलीने ‘रात्रीच्या कार्यक्रमात घेऊ’ असं लिहून मोकळी झाले होते.

हे टिपण शाळेच्या सहल समितीसाठी लिहायला घेतलं होतं. समितीला दोन पानं हवी होती. दोन पानांत ते बसलं नाही.

आम्ही कोण, कुठे गेलो

पुण्यातली शाळा, नववीची 22 मुलं, तीन शिक्षक: मोठ्या बाई, पीटीचे सर आणि भूगोल शिकवणारी मी. एप्रिल महिना, म्हणजे आपल्याकडे परीक्षा संपलेल्या आणि तिकडे शरद ऋतू. अकरा दिवसांच्या न्यूझीलंड सहलीतल्या दोन रात्री रोटोरुआजवळच्या एका मराएवर काढायच्या होत्या. मराए म्हणजे एखाद्या माओरी कुळाचं सामाईक घर-अंगण. पुढे मोकळं मैदान, मागे कोरीवकाम केलेलं मोठं सभागृह, बाजूला जेवणघर. लग्न, मयत, बैठका, वाढदिवस, सगळं तिथे. रोटोरुआचा मुलूख ‘ते आरावा’ लोकांचा. ते आरावा हे ज्या होडीतून त्यांचे पूर्वज आले तिचं नाव आणि तेच लोकांचंही नाव.

उच्चाराचं आधीच सांगते, कारण आम्ही पहिल्या दिवशी सगळेच उच्चार चुकवले. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘डब्ल्यू-एच’ दिसलं की बहुतेक ठिकाणी ‘फ’ म्हणायचं. म्हणून स्वागताचा विधी तो पोफिरी आणि सभागृह ते फारेनुई. शिवाय होंगी (नाकाला नाक लावून भेटणं) वेगळी आणि हांगी (जमिनीतल्या खड्ड्यात शिजवलेलं जेवण) वेगळी: होंगी नाकाने, हांगी तोंडाने. हे मुलांनीच बनवलं आणि मग कुणी चुकलं नाही.

आदल्या रात्री काय बिघडलं

आमची खरी चूक मराएवर झालीच नाही, ती आदल्या संध्याकाळी झाली. आम्ही मुलांना तिकीट काढून जेवणासकटचा माओरी कार्यक्रम दाखवला. त्यात काही वाईट नव्हतं. रोटोरुआचे लोक एकोणिसाव्या शतकापासून पाहुण्यांना आपला मुलूख दाखवत आलेत. 10 जून 1886 ला तारावेरा ज्वालामुखी फुटला, जगभरातून लोक बघायला येत त्या गरम झऱ्यांनी घडवलेल्या गुलाबी आणि पांढऱ्या पायऱ्या त्यात गेल्या, शंभराहून जास्त माणसं मेली. वाचलेल्यांपैकी बरेच रोटोरुआतल्या फाकारेवारेवा या वस्तीला येऊन राहिले आणि त्यांनी वाटाड्याचं काम पुन्हा सुरू केलं. ही धंद्यातली मुरलेली माणसं आहेत, कार्यक्रम झकास बसवतात.

पण त्या कार्यक्रमात बसमधल्याच एका प्रवाशाला गमतीने ‘सरदार’ करतात, भालाईत डोळे वटारून त्याच्यासमोर येतो, सगळे मोबाईल वर करतात, टाळ्या पडतात. मुलांच्या डोक्यात पक्कं बसलं की उद्याही हेच, फक्त तिकीट नाही. दुसऱ्या दिवशी मराएच्या फाटकाशी उभं असताना एकाने विचारलं, “बाई, भालेवाला कधी येणार?” तो येणार नव्हता. तसं आव्हान मोठ्या पाहुण्यांसाठी किंवा मोठ्या प्रसंगी असतं. आम्ही पुण्याचे नववीवाले. मुलांचे चेहरे पडले. कार्यक्रमाचा छोटा खेळ बघायला आलोत, असा तो भाव होता आणि तो भाव आम्हीच त्यांना विकत घेऊन दिला होता.

फाटकापासून बाकापर्यंत

पहिला आवाज बाईचा असतो. आत, सभागृहाच्या ओसरीत उभ्या असलेल्या काळ्या कपड्यांतल्या एका आजींनी हाक घातली. तिला कारांगा म्हणतात. गाणं म्हणावं तर गाणं नाही, रडणं म्हणावं तर रडणं नाही. तिला पाहुण्यांकडच्या बाईने उत्तर द्यावं लागतं. आमच्याकडे देणारं कोण? यजमानांनीच शेजारच्या गावातल्या एक बाई आमच्या बाजूला उभ्या केल्या होत्या. आमच्या वतीने उत्तर त्यांनी दिलं. पाहुण्यांकडे आवाज नाही म्हणून घरच्यांनी तो उसना दिला. बायका आणि मुलं मध्ये, सावकाश चालत, अर्ध्या अंगणात थांबायचं. हे थांबणं गेलेल्या माणसांसाठी. “कुणाच्या?” एका मुलीने कुजबुजत विचारलं. आमच्या बाजूच्या बाई म्हणाल्या, “त्यांच्या, तुमच्याही. तुम्ही काही एकटे आला नाहीत.”

मग भाषणं. ते आरावांकडे आळीपाळीने बोलतात: एक घरचा, एक पाहुण्यांचा, शेवट पुन्हा घरच्यांचा. इतर काही भागांत आधी सगळे यजमान बोलून घेतात. आमच्याकडून एकच वक्ता आणि तो पुरुष असायला हवा होता.

यावरून आदल्या रात्री हॉटेलात बरंच झालं होतं. मोठ्या बाईंनी दोन पानांचं इंग्रजी भाषण टाइप करून आणलं होतं. प्रमुख त्या आणि बोलायचं पीटीच्या सरांनी, ज्यांनी शाळेच्या स्नेहसंमेलनातही कधी माईक धरला नाही? “मग मी मागच्या बाकावर शोभेला बसू का?” असं त्या म्हणाल्या आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. हा प्रश्न माओरींमध्येही वादाचाच आहे. काही कुळांत, विशेषतः पूर्व किनाऱ्यावरच्या न्गाती पोरोऊंमध्ये, बायका अंगणात उभ्या राहून बोलल्याच्या परंपरा आहेत. 1998 मध्ये वाइटांगी या गावच्या मराएवर तेव्हाच्या विरोधी पक्षनेत्या हेलन क्लार्क यांना बोलू देण्याला एका माओरी बाईंनीच हरकत घेतली आणि क्लार्क यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं सगळ्या देशाने पाहिलं. पुढच्याच वर्षी त्या पंतप्रधान झाल्या. दुसऱ्या दिवशी मी हाक घालणाऱ्या आजींना विचारलंच. त्या हसल्या. “आधी माझा आवाज. मी हाक घातली नाही तर ते बाकावरचे बसल्या जागी बसून राहतील आणि तुम्ही फाटकाबाहेर.” उत्तर चोख होतं. माझं पूर्ण समाधान झालं नाही, आजही नाही. पण दुसऱ्याच्या अंगणातला नियम अंगणवाल्यांनी बदलायचा असतो, एवढं मोठ्या बाईंनाही पटलं.

सरांनी बाईंचा कागद वाचायला घेतला. दहावीचा निकाल, स्कॉलरशिपची मुलं, नवी संगणक प्रयोगशाळा. एक परिच्छेद वाचून ते थांबले. समोरच्या म्हाताऱ्याने नुकतंच आपला डोंगर, आपलं तळं, आपली होडी, आपले मेलेले यांची नावं घेत भाषण केलं होतं आणि त्यावर संगणक प्रयोगशाळा हे उत्तर होत नाही, एवढं सरांना कागद हातात धरूनच कळलं असावं. ते मराठीत शिरले. “मी जुन्नरचा. आमचा डोंगर शिवनेरी. आमची नदी कुकडी.” पुढे काय बोलले ते त्यांनाही आठवत नाही. वडिलांचं नाव घेतलं एवढं मला आठवतं. दीड मिनिट असेल.

मग ती शांतता, जिथून मी सुरुवात केली. भाषणामागे गाणं येतं. वक्त्याच्या मागे त्याची माणसं उभी राहून गातात, म्हणजे तो बोलला ते आम्हा सगळ्यांचं, अशी सही होते. आमची लेझीम रात्रीसाठी होती आणि नाचाचं गाणं स्पीकरवर होतं. शेवटी मागच्या रांगेतल्या एका मुलीने गणपतीची आरती सुरू केली. बाकीची उभी राहिली. टाळ्या धरल्या. आरतीचं जे होतं तेच झालं: दुसऱ्या कडव्यापासून वेग वाढत गेला आणि शेवटाला गाडी उतारावर सुटली. वर्गात दोन मुसलमान मुलं आहेत, एक ख्रिश्चन मुलगी आहे. त्यांनाही सगळी पाठ होती, सोसायटीच्या गणपतीची कृपा. समोर म्हातारे मान डोलवत होते. गाणं शिकवावं लागत नाही, फक्त ‘तुम्हाला गायचंय’ हे आधी सांगावं लागतं. ते मी सांगितलं नव्हतं.

कोहाचीही तीच गत. कोहा म्हणजे पाहुण्यांनी द्यायचा आहेर, आता बहुतेक पाकिटात पैसे. पाहुण्यांच्या शेवटच्या वक्त्याने तो मधल्या जमिनीवर ठेवून मागे सरायचं आणि यजमानांनी उचलायचा. आमचं पाकीट मागच्या बाकावर मोठ्या बाईंच्या पर्समध्ये होतं. ते हातोहात पुढे येईपर्यंत म्हातारे आभाळाकडे बघत बसले, फार सभ्यपणे. पाकिटासोबत शाल होती. श्रीफळ ऑकलंडच्या विमानतळावरच राहिलं. भाकरवडी सुटली, नारळ अडकला. आम्ही अर्जात लिहिला होता म्हणून नुसताच ठेवून घेतला. न लिहिता आणला असता तर जागेवर 400 डॉलर दंड.

शेवटी रांगेने होंगी. नाकाला नाक, कपाळाला कपाळ, हातात हात आणि एक श्वास दोघांत. पहिली बाई ताने या देवाने मातीची केली आणि तिच्या नाकपुड्यांत श्वास फुंकला, अशी त्यांची कथा आहे. होंगीचं मूळ तिथे सांगतात. ज्यांना नको वाटेल त्यांनी हात पुढे केला तरी चालेल, असं मुलींना आधी सांगितलं होतं. दोघींनी केला, कुणी भुवई उंचावली नाही. माझ्या वाट्याला हाक घालणाऱ्या आजी आल्या. नाक थंडगार, अंगाला निलगिरीच्या मलमाचा वास, आणि डोळे मिटलेले. मी उघडे ठेवले होते म्हणून मला ते दिसलं.

जेवण, म्हणजे खरी अडचण

विधी संपतो तो खाण्याने. विधीत पाहुणा तापु, म्हणजे बंधनातला, असतो; जेवला की नोआ, म्हणजे मोकळा, होतो, घरातला होतो. आपल्याला हे चटकन सोवळं-ओवळं वाटतं आणि मुलांना समजावताना मीही तोच शब्द वापरला. कामापुरता बरा आहे. पण आपल्या सोवळ्याने माणसांना कायमचं उंबऱ्याबाहेर ठेवलं, इथला सगळा खटाटोप बाहेरच्याला आत घेण्यासाठी. म्हणून दुसऱ्या दिवशी मी तो शब्द मागे घेतला.

संध्याकाळी हांगी. पहाटे पाचला माणसं उठली होती. खड्डा खणायचा, लाकडावर दगड लाल होईपर्यंत तापवायचे, जाळीच्या टोपल्यांत मांस, बटाटे, भोपळा, कोबी आणि कूमारा लावायचे, वर ओली फडकी, पोती, मग माती, आणि तीनेक तास सोडून द्यायचं. आमच्या फॉर्मवर नऊ मुलांपुढे ‘शाकाहारी’ लिहिलं होतं. स्वयंपाकघरातल्या आंटीने (तिथे प्रत्येक जाणती बाई आंटीच असते, मुलांना ते फारच सोपं गेलं) शाकाहारी टोपली वेगळी भरली होती, खूणचिठ्ठी लावून. पण खड्डा तोच. खाली डुक्कर आणि मेंढी, वर आमची टोपली, वाफ एक. सात जणांनी खाल्लं. दोन मुलं जैन. त्यांना ती वाफही चालेना आणि कूमारा-बटाटा तर कंदच. त्यांनी पिशवीतले ठेपले काढले.

आंटी तीनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा तिने मला बाजूला घेऊन विचारलं, काय चुकलं? तिचं काहीच चुकलं नव्हतं. आम्ही एका शब्दात फॉर्म भरला होता. पाहुणा उपाशी उठला तर त्यांच्याकडे यजमानाची मान खाली जाते. मानाकितांगा, म्हणजे आतिथ्य, या शब्दाच्या पोटातच ‘माना’ आहे आणि त्याचा अर्थ आपल्या ‘मान’पासून फार लांब नाही. एक ओळ जास्त लिहिली असती तर त्या बाईने दोन ताटं गॅसवर वेगळी केली असती, हसत.

दुसऱ्या सकाळी मुलांनीच मार्ग काढला. कूमारा म्हणजे रताळंच, दक्षिण अमेरिकेतून युरोपीय लोकांच्या आधी पॅसिफिकमध्ये पोचलेलं. आमच्या मुलांच्या लेखी रताळं म्हणजे उपास. सुपरमार्केटातून शेंगदाणे आणि हिरव्या मिरच्या आणल्या आणि चौघी मुलींनी आंटीच्या ओट्यावर लाल सालीच्या कूमाराचा कीस केला. आंटीने आधी मिरची वेचून बाजूला काढली, मग परत घेतली. जैन मुलांनी अर्थात तोही खाल्ला नाही. त्यांच्यासाठी भात आणि वाटाणे. त्यांची काही तक्रार नव्हती; तक्रार फक्त मोठ्यांना असते.

फडकी

जेवणानंतर एका काकांनी मुलांच्या अंगावर कोरडी फडकी फेकली. धुवायला ते, पुसायला पाहुणे. घरी स्वतःचं ताट न उचलणारी मुलं दीड तास दीडेकशे ताटवाट्या पुसत होती आणि सहलीतला सगळ्यात मोठा गोंगाट तिथे झाला. एकोणिसाव्या शतकातला ज्वालामुखी विसरतील, हे विसरणार नाहीत. पोफिरीत आम्ही ज्याची वाट बघत बसलो होतो ते आतिथ्य बहुधा हेच: पाहुण्याला काम देणं.

इथेच माझ्या हातून घोटाळा झाला. ती ओली फडकी गोळा करून मी मुलांच्या भिजलेल्या टी-शर्टांबरोबर वॉशिंग मशीनमध्ये टाकली. पाणी सुरू व्हायच्या आत एका तरुण मुलीने बटण बंद केलं. अन्नाला लागणारं कापड आणि अंगाला लागणारं कापड एकत्र धूत नाहीत. तिने फडकी एकेक करून वेगळी काढली, काही बोलली नाही. मी आजीच्या घरात वाढलेली, केर काढायचं फडकं ओट्यावर आलं तर आजी घर डोक्यावर घ्यायची. हे मला सांगावं लागायला नको होतं.

रात्री फारेनुईत गाद्या टाकून सगळे एका छताखाली. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर यावरून आधीच चाळीस मेसेज झाले होते. मुली एका भिंतीला, मुलगे समोरच्या, मध्ये आम्ही, प्रश्न संपला. फारेनुई हे पूर्वजाचं शरीर मानतात: वरचं आडं हा कणा, वासे बरगड्या, पुढच्या उतरत्या दोन फळ्या म्हणजे पसरलेले हात. एक मुलगा उशीवर बसला, तर सहा वर्षांच्या एका पोरीने ती त्याच्या बुडाखालून ओढून काढली. डोकं टेकायची वस्तू, तिच्यावर बसायचं नाही. माझ्या फडक्यांपेक्षा त्याला लवकर कळलं.

भिंतीवरचे फोटो

हाच भाग मला सगळ्यात जास्त लागला.

झोपायच्या आधी मुलं भिंतीवरचे फोटो बघत होती. बरेच सैनिकी पोशाखातले. 25 एप्रिलचा, त्यांच्या सैनिकांचा स्मरणदिन जवळ आला होता म्हणून फोटोंखाली लाल फुलं खोचली होती. दुसऱ्या महायुद्धातली 28 वी माओरी बटालियन, तिची बी कंपनी या भागातली. त्यांना ‘पेनी डायव्हर्स’ म्हणत, कारण फाकारेवारेवाच्या पुलावरून प्रवासी नाणी टाकत आणि पोरं बुडी मारून ती काढत. ते दृश्य आमच्या मुलांनी आदल्याच दिवशी पाहिलं होतं. एका फोटोखाली इटली लिहिलेलं होतं. कराडकडचा एक मुलगा, अकरा दिवसांत जो दहा वाक्यं बोलला नसेल, म्हणाला, “माझे पणजोबा मराठा लाईट इन्फंट्रीत होते. इटलीतच होते.”

ही काही ओढून आणलेली सोयरीक नाही. 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदी ओलांडताना न्यूझीलंडचं डिव्हिजन आणि आठवं भारतीय डिव्हिजन शेजारी शेजारी होतं. मराठा लाईट इन्फंट्रीच्या नामदेव जाधवांना त्याच दिवसाच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या मुलाच्या पणजोबांनी तिथे नेमकं काय केलं ते घरात कुणाला माहीत नाही. एक पदक आहे, एवढंच. पण बाकावरच्या म्हाताऱ्यांपैकी ज्यांनी पहिलं भाषण केलं होतं, त्या आजोबांना मुलांनी हे सांगितलं तेव्हा ते काठी टेकत उठले, फोटोपाशी गेले आणि त्या मुलाला जवळ बोलावून पुन्हा एकदा होंगी केली, या वेळी बराच वेळ. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “हे सकाळी बाहेर बोलायला हवं होतं.”

बरोबर होतं. अंगणातलं बोलणं असतंच त्यासाठी: आपलं आणि तुमचं कुठे जुळतं ते शोधायला. आम्ही निघायच्या आधी तीन महिने पासपोर्ट, विमा, थर्मल, शाकाहारी जेवण यांच्या याद्या केल्या. ‘तुझ्या घरातलं कोण कुठे गेलं होतं’ हे एकाही मुलाला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेपेहाचा तास झाला, म्हणजे डोंगर-नदी-पूर्वज सांगून स्वतःची ओळख करून द्यायची. एकाने ‘वेताळ टेकडी’ आणि ‘मुठा’ म्हटलं, दुसऱ्याने ‘आमच्या सोसायटीसमोरचा नाला’ आणि त्याला तास घेणाऱ्या मास्तरांनी गंभीरपणे विचारलं, तो कुठे जाऊन मिळतो? मिळतो मुठेलाच. होडीच्या जागी काय सांगायचं यावर मुलांनी विमान कंपनीचं नाव घेतलं, तेही मान्य झालं.

पुढच्या वर्षीसाठी

समितीला मी एवढं लिहून दिलं आहे. तिकिटाचा कार्यक्रम मराएच्या नंतर, आधी नाही. दोन गाणी तोंडपाठ, वाद्याशिवाय. फॉर्मवर प्रत्येक मुलापुढे काय चालतं नि काय नाही ते पूर्ण वाक्यात. वक्ता दोन महिने आधी ठरवायचा आणि बाईंनी कुठे, कसं बोलायचं हे यजमानांना आधी पत्र लिहून विचारायचं, हॉटेलात भांडायचं नाही. प्रत्येक घरातून एक पान: मूळ गाव, नदी, आणि घरातलं लांब गेलेलं एखादं माणूस. पाकीट वक्त्याच्या खिशात.

हे सगळं मंजूर झालं. अडलं एकच. ऑडिटला कोहाची पावती हवी आहे. मागितली असती तर मराएच्या समितीने दिलीही असती, पण जमिनीवर ठेवलेला आहेर म्हाताऱ्याने वाकून उचलल्यावर त्याची पावती मागायला माझं तोंड झालं नाही. व्हाउचरवर मी ‘आहेर’ लिहिलं. कार्यालयाने ते लाल शाईने गोल करून परत पाठवलं आहे.